मधुमेहाचं खापर ‘ड’ जीवनसत्त्वावर

तपासणीच्या कागदावर ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा कमी दिसला, की घरोघरी निदान तयार असतं: आजोबांची साखर वाढतेय ती यामुळेच, साठ हजार युनिटांचं पाकीट आठवड्याला एक सुरू करा, मधुमेह टळेल. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. ज्यांच्या रक्तात ‘ड’ कमी, त्यांना पुढे टाइप २ मधुमेह जास्त होतो, हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे.

पण उतारवयात ‘ड’ कमी असतं कोणाचं? जो घराबाहेर पडत नाही, ज्याचे गुडघे धरलेत, ज्याचं पोट सुटलंय. आणि साखर तरी कोणाची वाढते? त्याचीच. त्यात वयस्क त्वचा तेवढ्याच उन्हात तरुण त्वचेपेक्षा कमी ‘ड’ बनवते. दोन गोष्टी एका घरात नांदतात म्हणून एकीने दुसरीला जन्म दिला, असं ठरत नाही.

गोळी देऊन पाहिल्यावर काय झालं? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांना, सरासरी वय ६०, रोज ४,००० युनिट ‘ड’ किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली. २०१९ साली निकाल आला: अडीचेक वर्षांत ‘ड’ घेणाऱ्यांपैकी २९३ जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांपैकी ३२३ जणांना. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. नॉर्वेत ट्रोम्सो इथल्या पाच वर्षांच्या चाचणीतही ठोस फायदा दिसला नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, त्या अमेरिकनांपैकी बहुतेकांत ‘ड’ची कमतरता नव्हतीच. आक्षेप रास्त आहे. २०२३ मध्ये तीन चाचण्या एकत्र मांडल्यावर धोका १५ टक्क्यांनी घटलेला दिसला. म्हणजे तीन वर्षांत शंभरातले सुमारे तीन जण वाचले. म्हणून उंबरठ्यावरच्यांनी आहार-व्यायामाच्या जोडीला ‘ड’ घ्यावं, ही अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीची २०२४ ची सूचना मला मान्य आहे. जोडीला, बदली नव्हे! तीच संस्था निरोगी प्रौढांना सरसकट ‘ड’ तपासू नका असंही सांगते. आरोग्य-तपासणीची पॅकेजं विकणारे हे सांगणार नाहीत.

मग ज्येष्ठांनी भर कशावर द्यावा? २००२ च्या अमेरिकी प्रयोगात वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच ठरलं होतं. मधुमेहाचा धोका एकूण ५८ टक्क्यांनी घटला. साठीपुढच्यांत ७१ टक्क्यांनी. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाला एकूण ३१ टक्क्यांवर थांबावं लागलं. ‘आता या वयात काय होणार?’ म्हणणाऱ्या मुला-सुनांनी हा ७१ चा आकडा नीट वाचावा.

‘अपाय तर नाही ना?’ हा शेवटचा बचाव. कमतरता असेल तर हाडांसाठी ‘ड’ घ्यावंच, पण मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले, तेव्हा पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं होतं.