मामा आहे का बघ!



गेल्या गणेशोत्सवात शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावून मोदकांचे डबे हॉलकडे नेताना मी एक उद्योग केला. आपल्याच मंडळींच्या गाड्यांच्या समोरच्या काचा बघत बघत गेलो. हॉलच्या दाराशी पोचेपर्यंत अकरा रडार डिटेक्टर मोजून झाले होते. आरशाशेजारी चिकटवलेले, काळे, पत्त्यांच्या कॅटाएवढे. हे मोजायचा मला फार मोठा नैतिक अधिकार आहे असे समजू नका. बारावा माझ्याच गाडीत असता, पण तो मी आदल्या आठवड्यात काढून टाकला होता. का काढला ते सांगतो, आणि तुम्हीही काढा असे म्हणणार आहे. राग आला तर प्रसाद घेऊन झाल्यावर भांडू.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलिसांची रडारगन रेडिओ लहरी सोडते, त्या गाडीवर आपटून परत येतात, आणि परत येताना त्यांची वारंवारता जेवढी बदललेली असेल त्यावरून वेग काढला जातो. तोच आपला अकरावीतला डॉपलर. या लहरी साधारण 10.5, 24.15 किंवा 33.4 ते 36 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत असतात. डिटेक्टर म्हणजे या पट्ट्यांकडे कान लावून बसलेला रेडिओ. लहरी पसरत पसरत येतात, म्हणून पोलिसाला आपली गाडी मोजता येण्याच्या आधीच डिटेक्टर ओरडतो. आपण ब्रेकवर पाय ठेवतो, पासष्टवर येतो, पोलिसाच्या शेजारून सज्जन चेहऱ्याने जातो, आणि पुढच्या वळणानंतर पुन्हा ऐंशी.

माझा डिटेक्टर साधासुधा नव्हता. त्याला वेगळा डिस्प्ले जोडता येत असे. डिटेक्टर उंचावर, काचेच्या वरच्या कडेला, आणि डिस्प्ले मात्र आपल्याला हवा तिथे. मंडळी, मी आयटीवाला. आयुष्य दुसऱ्यांचे सर्व्हर जोडण्यात गेले. स्वतःच्या हाताने काही करायचे म्हटले की अंगात येते. एका शनिवारी सकाळी गराजमध्ये शिरलो तो संध्याकाळीच बाहेर आलो. मल्टिमीटर लावून फ्यूजबॉक्समध्ये किल्ली फिरवल्यावरच वीज येणारा फ्यूज शोधला, त्यावरून वायर काढली. टेलिफोनच्या वायरीसारखी ती चपटी केबल छताच्या अस्तराखालून नेली, काचेच्या कडेच्या खांबावरून खाली उतरवली, डॅशबोर्डच्या पोटातून फिरवली. काडेपेटीएवढा डिस्प्ले स्टिअरिंगच्या मागे, स्पीडोमीटरच्या डावीकडे असा बसवला की ड्रायव्हरच्या सीटवर बसल्याशिवाय दिसणार नाही. एक इंचसुद्धा वायर बाहेर नाही! सौ.ला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "स्वयंपाकघरातला नळ तीन महिने गळतोय." मी ऐकले न ऐकल्यासारखे केले.

त्या सुंदर कामातली पहिली चूक दोन वर्षांनी कळली. गाडी सर्व्हिसला दिली होती. मेकॅनिकने मला आत बोलावले, काचेच्या कडेच्या खांबाचे प्लास्टिक उघडून दाखवले आणि विचारले, ही वायर कोणी टाकली? मी अभिमानाने छाती काढली. तो म्हणाला, या खांबाच्या आत कर्टन एअरबॅग आहे आणि तुमची वायर तिच्या समोरून गेली आहे. अपघात झाला तर डोळ्याचे पाते लवायच्या आत ही बॅग फुगून बाहेर येणार, आणि वाटेत जे असेल ते घेऊन येणार. माझी केबल नेमकी सौ.च्या बाजूच्या खांबावरून उतरवलेली होती. फ्यूजबॉक्सच्या बाजूला गर्दी होती म्हणून मी लांबचा, नीटनेटका रस्ता निवडला होता. दंड वाचवायच्या वायरीमुळे शेजारी बसणाऱ्या माणसाच्या डोक्याजवळची एअरबॅग मी अडवून ठेवली होती. तेव्हासुद्धा मी काय केले? वायर एअरबॅगच्या मागून नीट फिरवून घेतली. काढली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्यासारख्या शिकलेल्या माणसाला चूक दाखवली की तो चूक सोडत नाही, तिचे इन्स्टॉलेशन सुधारतो.

आता आपल्या मंडळींचे युक्तिवाद घेतो. हे सगळे मीही केलेले आहेत, त्यामुळे पाठ आहेत.

पहिला : "अरे, कायदेशीर आहे!" आहे. न्यू जर्सीत आणि बहुतेक राज्यांत खासगी गाडीत डिटेक्टर चालतो. पण दहा हजार पौंडांपेक्षा जड व्यावसायिक वाहनांना तो साऱ्या देशात बंद आहे. म्हणजे आपल्या शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याने तो लावला तर गुन्हा, आणि मागे दोन मुले बसलेल्या आपल्या मिनीव्हॅनमध्ये लावला तर आपला हक्क. हक्क असेल, पण त्यात शहाणपण कुठे आहे?

दुसरा : "त्याने आपण सावध राहतो." सावध कशाबद्दल? पंचाहत्तरच्या वेगाने गाडी सेकंदाला 110 फूट जाते. स्टिअरिंगमागच्या दिव्याकडे दोन सेकंद पाहिले की 220 फूट रस्ता न बघता गेलो. आणि हा दिवा दर मिनिटाला लागतो, कारण हल्लीच्या कितीतरी गाड्यांची ब्लाइंड स्पॉटची यंत्रणा त्याच 24 गिगाहर्ट्झच्या आसपास बोलते. ग्रोसरीच्या दुकानाचे आपोआप उघडणारे दारही डिटेक्टरला पोलीस वाटते. उलट पोलिसाने लेझरगन लावली असेल तर हजार फुटांवर तिचा झोत जेमतेम तीनेक फूट रुंद असतो. डिटेक्टर वाजला म्हणजे बहुधा वेग मोजून झालेला असतो. म्हणजे खरा पोलीस येईपर्यंत हे यंत्र दारांना घाबरते, आणि खरा आला की उशिरा जागे होते.

तिसरा : "वेळ वाचतो." हिशोब करू. दोनशे मैल पासष्टने गेलो तर तीन तास पाच मिनिटे, पंचाहत्तरने गेलो तर दोन तास चाळीस. पंचवीस मिनिटे वाचली, तीही बाल्टिमोरला ट्रॅफिक लागला नाही तर! वाटेत कॉफीला थांबतो त्यात ती जातात. आणि पासष्टचे ऐंशी केले की वेग तेवीस टक्के वाढतो, पण आपटताना गाडीत असलेली ऊर्जा दीडपट झालेली असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. हेही अकरावीतलेच. डॉपलर लक्षात राहिला आणि हे विसरलो.

चौथा युक्तिवाद मात्र वजनदार आहे : "पोलिसांना सुरक्षिततेशी घेणेदेणे नाही, ते गावाची तिजोरी भरतात." हे सगळे खोटे नाही. 2015 साली अमेरिकेच्या न्याय खात्याने मिसुरीतल्या फर्ग्युसन गावाबद्दल जो अहवाल दिला, त्यात पोलीस आणि कोर्ट दंडाच्या उत्पन्नासाठी कसे राबवले जात होते ते स्पष्ट मांडले आहे. पण त्या अहवालातले लोक कोण होते? गरीब, बहुतेक काळे. दंड भरता आला नाही म्हणून वॉरंट निघालेले. त्यांच्या नावाने आपण तीन-चारशे डॉलरचे यंत्र विकत घ्यायचे आणि त्याला अन्यायाचा प्रतिकार म्हणायचे? दंड अन्यायाचा वाटला तर कोर्टाची तारीख घ्या, उभे राहा. वेगमर्यादा चुकीची वाटली तर टाउनशिपच्या मीटिंगला जाऊन तीन मिनिटे बोला. आपल्यापैकी किती जण त्या मीटिंगला गेले आहेत? मी एकदाही गेलो नव्हतो.

खरे कारण वेगळेच आहे आणि ते पुण्यातून आले आहे. नव्वदच्या दशकात एका स्कूटरवर आम्ही तिघे मित्र कॉलेजला जायचो. मधल्याचे काम धरून बसायचे, मागच्याचे काम एकच : "मामा आहे का बघ!" चौकात ट्रॅफिकचा मामा दिसला की मागचा उतरायचा, चौक पायी ओलांडायचा, आणि पलीकडे पुन्हा टुणकन बसायचा. मामा नसेल तर सिग्नलसुद्धा शोभेचा. सुट्टीत भारतात गेलो की आपण हेच बघून मान हलवतो : "इथे कुणाला शिस्तच नाही, आमच्याकडे बघा." आमच्याकडे काय आहे? तोच मागच्या सीटवरचा मित्र आहे. फक्त आता तो काडेपेटीएवढा झालाय, बारा व्होल्टवर चालतो आणि चौक पायी ओलांडायची तसदीही देत नाही.

आता काढला का ते. दोन वर्षे मी दर सोमवारी पहाटे एडिसनहून व्हर्जिनियातल्या क्लायंटकडे गाडीने जात असे. व्हर्जिनियात डिटेक्टरला बंदी आहे, वॉशिंग्टन डी.सी.तही. व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार त्याची वीज तोडलेली असावी लागते आणि गाडीतल्या कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी तो असावा लागतो. म्हणून मेरीलँड हाऊसच्या विश्रांतिस्थळावर थांबून मी डिटेक्टर काढायचो आणि डिकीत स्पेअर टायरजवळ ठेवायचो. डिस्प्ले मात्र जागच्या जागी. पक्का बसवलेला ना! त्यावर मी रुमाल टाकायचो. तिथे मर्यादेच्या वर वीस मैल किंवा पंच्याऐंशीच्या पुढे गेलात तर ते नुसते तिकीट नसते, रेकलेस ड्रायव्हिंगचा फौजदारी गुन्हा असतो. एक वर्षापर्यंत तुरुंग आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्यातल्या किती घरी अजून कुणाचे ग्रीन कार्ड, कुणाचे नागरिकत्व व्हायचे आहे? तो अर्ज भरताना अटक, साइटेशन यांबद्दलचा प्रश्न वाचून घाम फुटलेले लोक मी पाहिले आहेत. तरी आपण रुमालाच्या भरवशावर जातो.

गेल्या वसंतात मुलाला कॉलेज दाखवायला त्याच रस्त्याने घेऊन गेलो. मेरीलँड हाऊसला मी नेहमीचा कार्यक्रम केला : यंत्र डिकीत, रुमाल डिस्प्लेवर. मुलगा सँडविच खात बघत होता. तो म्हणाला, "बाबा, एवढं सगळं करण्यापेक्षा स्लो जाणं सोपं नाही का?" त्यात उपदेश नव्हता. पोराला खरंच प्रश्न पडला होता. मी "तुला नाही कळायचं" म्हणालो, आणि पुढचे शंभर मैल मला काही सुचले नाही.

त्याच उन्हाळ्यात त्याला लर्नर्स परमिट मिळाले. न्यू जर्सीत 2010 पासून नियम आहे : एकवीस वर्षांखालच्या शिकाऊ मुलाने गाडी चालवताना पुढच्या-मागच्या नंबर प्लेटवर लाल पट्टी लावायची. चार डॉलरना जोडी मिळते. पोलिसांना लांबून कळावे की आत शिकणारे मूल आहे. पुष्कळ पालक या पट्टीला नाके मुरडतात. माझ्या मुलाने मुकाट्याने दोन्ही लावल्या, सीटवर बसला, आरसे नीट केले आणि स्टिअरिंगमागे बघून म्हणाला, "हा दिवा लागला की मी काय करायचं?"

गाडीच्या बाहेर पोलिसांना सगळे उघड सांगणारी त्याची पट्टी, आणि आत पोलिसांपासून लपवलेला माझा दिवा. एकाच गाडीत. त्याला मी काय सांगणार होतो? की दिवा लागला की नियम पाळ?

त्या शनिवारी मी पुन्हा गराजमध्ये शिरलो. काढायला चाळीस मिनिटे लागली. डॅशबोर्डवर चिकटपट्टीचा डाग राहिला आहे, तो जात नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या कार्यक्रमाला मी पुन्हा मोजणार आहे. अकराचे पाच झाले तरी पुष्कळ. आणि कार्यकारिणीला विनंती : तंबोला आहे, अंताक्षरी आहे, त्यात एक तास गाडी शिकणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी काढा. मी बोलायला येईन. आणि हो, नळसुद्धा दुरुस्त केला.