शेजारी निवडण्याचा हक्क कुणाला?

घर घेताना आपली तरुण मंडळी तीन गोष्टी विचारतात. हप्ता किती, स्टेशन किती लांब आणि सोसायटीत आपली माणसे आहेत का? तिसरा प्रश्न उगाच आलेला नाही. नाव ऐकताच ‘फ्लॅट कालच गेला’ असे सांगणारे दलाल अनेकांना भेटले आहेत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली घरे सोडून कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला, मीरा रोडला गेली. त्यांची भीती खरी होती.

पण आज प्रत्येक भांडणाला तोच रंग देणे आपल्यालाच महाग पडते. वरच्या मजल्यावरून पाणी गळते, कुणी आपल्या जागेत गाडी लावतो, कुणी रात्री बारापर्यंत टीव्ही मोठ्याने लावतो. अशा वेळी आधी एकच पाहावे. हा माणूस सगळ्यांशीच असा वागतो का? तसे असेल तर तो फक्त त्रासदायक शेजारी आहे. दार वाजवून बोला, नाही ऐकले तर कमिटीला लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. त्याच्यामुळे त्रासलेले इतर शेजारीही तुमच्या बाजूने उभे राहतील.

नियम फक्त तुमच्यापुरताच निघत असेल, तर मात्र तो भेदभाव आहे. तिथे तोंडी वाद घालू नका, कागद मागा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम २३ सांगते की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट हस्तांतरित करायला सोसायटीचे ना-हरकत पत्र सक्तीचे नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण सचिवाच्या एका ‘नाही’वर माघारी फिरतात.

तरीही कायद्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतेच ठेवले होते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उपविधी वैध ठरवला. म्हणजे ‘आपल्यातलेच शेजारी हवेत’ या इच्छेला कायद्यातही जागा मिळते.

ही इच्छा आपल्याला अनोळखी नाही. मुस्लिम कायद्यात ‘शुफा’ नावाचा हक्क आहे. मालमत्ता विकली जात असेल, तर परक्याच्या आधी ती विकत घेण्याचा हा हक्क. हनफी मतानुसार तो लगतच्या शेजाऱ्यालाही मिळतो. शाफई मतानुसार, जे कोकणी मुस्लिमांमध्ये प्रचलित आहे, तो फक्त सहमालकाला मिळतो. नको असलेला माणूस शेजारी येऊ नये, ही त्यामागची काळजी. १९६२ मध्ये भाऊराम विरुद्ध बैजनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारी असल्याच्या आधारावरचा हा हक्क घटनाबाह्य ठरवला. परक्या जातीधर्माच्या माणसाला वस्तीबाहेर ठेवणे हा हेतू राज्यघटनेत बसत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

मला हा निकाल २००५ च्या निकालापेक्षा अधिक न्याय्य वाटतो. आणि तो आपल्यालाही लागू आहे. आपल्या मोहल्ल्यात खोली भाड्याने देताना काय होते? एकटी नोकरदार मुलगी नको, दुसऱ्या मसलकचा नको, दलित कुटुंब असेल तर ‘विचार करून सांगतो’. हेच शब्द पलीकडच्या सोसायटीत आपल्याला ऐकवले जातात तेव्हा आपण त्याला अन्याय म्हणतो. तो अन्यायच आहे, पण मग दोन्हीकडे.

मालमत्ता घेताना आपण भिंती, छप्पर आणि कागद विकत घेतो. शेजारी त्या करारात येत नाही. तो कोण असावा हे ठरवायचा हक्क त्यांना नाही, तसा आपल्यालाही नाही.

म्हणून मिश्र सोसायटीत राहणाऱ्यांनी एवढे तरी करावे. वार्षिक सर्वसाधारण सभेला जावे, देखभाल शुल्क वेळेवर भरावे, कमिटीच्या निवडणुकीला उभे राहावे. आणि अब्बांच्या नावावर भाड्याची खोली असेल, तर पुढचा भाडेकरू ठरताना त्याचे आडनाव विचारणाऱ्या घरातल्या माणसाला नम्रपणे थांबवावे. वयाने तो मोठा असला तरी.