लहान खोली आणि जुनी ठेव

एका वाचकभगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या सासरचे गावाकडील घर विकावे लागले असून, वृद्ध सासूबाई आता शहरातील सदनिकेत कायमच्या राहावयास येणार आहेत. त्यांच्या वाट्यास १० फूट लांब व ९ फूट रुंद अशी एक खोली आली आहे. ती जुन्या धर्तीने सजवावी, म्हणजे सासूबाईंस परके वाटणार नाही, अशी या भगिनींची इच्छा आहे. परंतु जुन्या घाटाचे म्हणून दुकानांत जे सामान मिळते, त्याच्या किमती ऐकूनच त्यांची छाती दडपली आहे. तेव्हा थोडक्या पैशांत काय करता येईल, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घरचा असला, तरी वाडे पडून इमारती उठण्याच्या या काळात तो पुष्कळ घरांचा आहे; म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे सविस्तर देत आहो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुनी धर्त म्हणजे सामानाची गर्दी नव्हे. आपल्याकडील जुन्या घरांतील माजघर आठवून पाहावे. भिंतीत कोनाडे, दिव्यासाठी दिवळी, कपड्यांसाठी खुंट्या आणि एखादे फडताळ. जमिनीवर मात्र दिवसा जवळजवळ काहीच नसे. अंथरुणे सकाळी वळकटी होऊन कोपऱ्यात जात. पाट जेवणापुरते मांडले जात आणि पुन्हा भिंतीशी उभे राहत. खुर्च्या, मेजे आणि काचसामान यांनी भरलेला दिवाणखाना हा पुढे इंग्रजी राहणीच्या सहवासाने आलेला थाट होय. म्हणजे खरी जुनी रुची लहान खोलीस आणि लहान खिशास, दोहोंसही सारखीच सोयीची आहे.

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची आहे. आमच्या मातोश्री आमच्याकडे राहावयास आल्या, तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने त्यांची खोली नवीकोरी करून दिली. जुन्या घरातील पितळी बंब, घडवंची आणि पाट वजनावर विकून टाकले व त्या पैशांत भर घालून चकचकीत कपाट केले. मातोश्री काही बोलल्या नाहीत. परंतु रोज संध्याकाळी त्यांचा हात दारामागील भिंतीवरून फिरे, हे काही दिवसांनी आमच्या ध्यानी आले. जुन्या घरी त्या जागी एक खुंटी होती आणि तिच्यावर त्यांची जपमाळेची गोमुखी असे. आम्ही खुंटी ठोकली. बंब मात्र गेला तो गेलाच.

म्हणून या भगिनींस आमचे पहिले सांगणे असे की, काहीही विकत घेण्यापूर्वी सासूबाईंस बरोबर घेऊन त्या घरातून एकदा सावकाश फिरावे आणि निवड त्यांनाच करू द्यावी. एक मोठी वस्तू व चार-पाच लहान वस्तू एवढे या खोलीस पुरे आहे. मोठी वस्तू पेटी असो वा फडताळ, तिचे माप आधी घ्यावे. ती दारातून आत येते की नाही, आणि खाटेच्या बाजूस चालावयास निदान अडीच फूट मोकळी जागा उरते की नाही, हे खडूने जमिनीवर आखून पाहावे.

जुने लाकूड घरात आणण्यापूर्वी उन्हात नीट तपासावे. बारीक गोल छिद्रे आणि त्यांखाली पिठासारखा ताजा भुसा दिसल्यास लाकूड पोखरणारी कीड जिवंत आहे असे समजून आधी तिचा बंदोबस्त करावा. सागवान सुस्थितीत असेल, तर ओलसर फडक्याने पुसून, वाळवून, स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवून केलेल्या पॉलिशचे पातळ हात द्यावेत. काम चालू असता जवळ विस्तव नसावा. मात्र जुना तेलरंग कोरडा घासून काढू नये. त्यात शिसे असण्याचा संभव असतो आणि ती धूळ मुलांस विशेष अपायकारक असते.

पितळ चिंच व मीठ लावून घासावे, लगेच धुवावे आणि तत्काळ कोरडे करावे. ओल राहिल्यास हिरवट डाग पडतात. तांब्या, तपेली शोभेसाठी ठेवण्यास हरकत नाही. पण कल्हईवाचून त्यांत आंबट पदार्थ ठेवू नये.

पडद्यांचा खर्च तर करूच नये. नऊवारी लुगडे २७ फूट लांब असते. ५ फूट उंचीच्या खिडकीस दुमडीसह साडेपाच फुटांचे दोन पडदे काढले, तर ११ फूट कापड लागते. उरलेल्या १६ फुटांत गोधडीचे वरचे अस्तर सहज निघते. कापड विरलेले असेल, तर पडद्याचा आग्रह सोडून सगळ्याचीच गोधडी शिवावी.

भिंतीवर एकच चित्र असावे. पुष्कळ घरांत राजा रविवर्म्यांच्या चित्रांचे शिळाछापाचे जुने छाप अद्याप आहेत. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला, आणि देवादिकांची ही चित्रे घरोघर पोहोचली. असा छाप असल्यास तो थेट उन्हात लावू नये. चौकटीच्या मागे बुचाचे लहान तुकडे चिकटवावेत, म्हणजे पावसाळ्यात हवा खेळून बुरशी धरत नाही. दिवा पिवळसर प्रकाशाचा, २७०० केल्विनचा, घ्यावा. जुना लामणदिवा टांगावयाचा असेल, तर त्यात ज्योत न लावता तो नुसताच ठेवावा. विजेची जुनी बटणे शोभेस ठेवली, तरी आतील तारा नव्याच असाव्यात. गुळगुळीत फरशीवर सतरंजीचा मोह मात्र टाळावा. वृद्धांच्या पायांखालून ती सरकते.

एवढ्याने सारे मावणार नाही, हे खरे. पण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे पाहावे. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या अशा नित्याच्या वस्तू जन्मभर गोळा केल्या, लहान वयात निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले आणि १९७५ साली तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी तेथे सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात. मोठ्या संग्रहालयास जो नियम, तोच आपल्या खोलीस लावावा: थोडे मांडावे, बाकीचे कोरड्या पेटीत जपावे आणि सणावाराला आलटूनपालटून काढावे.

शेवटी एवढेच सांगतो. खोली साधली की नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्यास विचारू नये. दिवे गेले असता सासूबाईंचा हात ज्या वस्तूकडे जाईल, ती वस्तू तेथे त्यांस सापडली, म्हणजे खोली साधली असे समजावे. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. सामान विकावयास काढण्यापूर्वी त्यांना एकदा विचारावे मात्र लागते.