खुर्ची चालवायलाही शिकावे लागते

तुम्ही सायकल शिकलात तो दिवस आठवा. कोणीतरी मागून धरले होते. तुम्ही दोन-चार वेळा पडलात, गुडघे फोडून घेतलेत आणि मग तोल सापडला. चाकांची खुर्ची, म्हणजेच व्हीलचेअर, चालवणे हासुद्धा असाच एक हुन्नर आहे. आपल्याला मात्र वाटते, खुर्चीत बसले की झाले!

ती हातांनी कशी चालवतात ते पाहा. मोठ्या चाकाला बाहेरच्या बाजूने एक कडी असते. नवखा माणूस त्या कडीला छोटे, घाईघाईचे झटके देतो. थोड्याच वेळात त्याचे खांदे भरून येतात. शिकलेला माणूस हात जरा मागे नेऊन कडी धरतो, लांब व सावकाश रेटा देतो. मग हात सैल सोडून कडीच्या खालून पुन्हा मागे आणतो. त्यामुळे कमी रेट्यांत जास्त अंतर कापले जाते. चढावर अंग पुढे झुकवावे लागते, नाहीतर खुर्ची मागे कलंडते. उतारावर कडी तळहातांतून हळूहळू सरकू द्यावी लागते. सर्वांत अवघड असतो तो घरचा उंबरठा! पुढची लहान चाके उचलून क्षणभर मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळावा लागतो. हे शिकताना पाठीशी जाणकार माणूस हवाच. तुम्ही गंमत म्हणून करून पाहू नका.

एवढे बारकावे कशासाठी? ज्याला चालता येत नाही, त्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात. चुकीच्या सवयीने तेही दुखावले, तर पलंगावरून खुर्चीत येण्यासाठीसुद्धा त्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागते.

म्हणून मला वाटते, नुसती खुर्ची देणे ही अर्धीच मदत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वापरणाऱ्याला शिकवणे हा खुर्ची देण्याच्या कामाचाच भाग मानला आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळदा हार घालून, फोटो काढून समारंभ संपतो.

कोणी म्हणेल, "एवढी मेहनत कशाला? ढकलायला आम्ही आहोत ना!" हेतू चांगला आहे. पण तुम्ही सायकलवर असताना कोणी न विचारता हँडल धरले, तर तुम्हाला चालेल का? आधी "मदत करू का?" असे विचारा. "नको" म्हटले, तर रागावू नका.

खरी मदत दुसरीकडे हवी आहे. कितीही हुन्नर असला, तरी पायऱ्यांपुढे तो थांबतो. तेथे उतार लागतो, आणि तोही एक फूट उंचीला निदान बारा फूट लांब. आखूड फळी टाकून भागत नाही. उद्या पट्टी घेऊन तुमच्या शाळेच्या दाराची पायरी मोजा. सहा इंच भरली, तर सहा फुटांचा उतार हवा. तो तेथे आहे का?