लेखन लोकांचे, कुलूप कंपनीचे

२६ ऑक्टोबर २००९ रोजी याहू या अमेरिकी कंपनीने ‘जिओसिटीज’ हे संकेतस्थळ बंद केले आणि त्यावरील कोट्यवधी पाने नाहीशी झाली. ही पाने कंपनीच्या पगारी नोकरांनी लिहिलेली नव्हती. १९९४ पासून सामान्य माणसांनी ती विनामोबदला रचली होती. घटना जुनी झाली म्हणून सोडून देण्याजोगी नाही. कारण पुढे तोच प्रकार पुनःपुन्हा घडला आणि प्रत्येक वेळी त्याला ‘धंद्याचा निर्णय’ एवढेच नाव मिळाले.

जिओसिटीजची रचना नगरासारखी होती. ‘अथेन्स’ वस्तीत शिक्षण व तत्त्वज्ञान, ‘हार्टलँड’मध्ये घर-कुटुंबाच्या हकिगती, ‘वेस्ट हॉलिवुड’मध्ये समलिंगी स्त्रीपुरुषांचे लेखन. प्रत्येक पानाला घरक्रमांक असे. तेथे वसणाऱ्यास कंपनी ‘होमस्टेडर’ म्हणे. अमेरिकेच्या १८६२ च्या कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्यास तिची मालकी मिळे, त्या वसाहतदाराचे हे नाव. (ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, हा भाग निराळा.) नाव मालकाचे दिले, दर्जा मात्र कुळाचा ठेवला; आणि तोही १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापूर्वीच्या कुळाचा, ज्याला जमीनदार केव्हाही बांधावरून हुसकू शके.

१९९९ साली याहूने सुमारे साडेतीनशे कोटी डॉलर किमतीचे भाग देऊन हे नगर विकत घेतले. एवढी किंमत यंत्रांची असणे शक्य नाही. किंमत होती ती या लेखनामुळे जमणाऱ्या वाचकांची, म्हणजेच त्यांच्या डोळ्यांपुढे मांडता येणाऱ्या जाहिरातींची. लेखकांच्या श्रमातून मूल्य निर्माण झाले. ते भागधारकांत वाटले गेले. त्याच उन्हाळ्यात कंपनीने रहिवाशांच्या मजकुरावर स्वतःचा हक्क सांगणाऱ्या अटी जाहीर केल्या. रहिवाशांनी आपल्या पानांचे रंग उतरवून ती करडी केली, बहिष्कार पुकारला. थोड्याच दिवसांत कंपनीने माघार घेतली. परंतु ती कागदावरची माघार ठरली. मजकुराची मालकी लेखकाकडे राहिली, तो नष्ट करण्याची सत्ता कंपनीकडे. दहा वर्षांनी हीच सत्ता वापरली गेली.

यावर कंपन्यांचे कैवारी म्हणतात, सेवा फुकट होती, पूर्वसूचनाही दिली होती. फुकट काहीच नव्हते. जाहिरातींच्या रूपाने मोबदला वसूल होत होता. आणि सूचना कोणाला दिली? जो लेखक मरण पावला, ज्याचा पत्ता बदलला, त्याला ती कशी पोहोचणार? वाचकांना तर कोणी विचारलेच नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात, याहू व्हेरायझन या दूरसंचार कंपनीच्या ताब्यात असताना, ‘याहू ग्रुप्स’वरील जवळपास दोन दशकांचा पत्रव्यवहार डिसेंबरात पुसला जाईल असे जाहीर झाले. तो उतरवून घेऊ पाहणाऱ्या स्वयंसेवकांची खातीच कंपनीने बंद केली! स्वतः सांभाळायचे नाही आणि दुसऱ्यालाही सांभाळू द्यायचे नाही, याला खर्चाची सबब पुरत नाही.

आपल्याकडे ऑर्कुटचे तेच झाले. गूगलने २००४ साली सुरू केलेले हे स्थळ ब्राझीलप्रमाणेच भारतात रुजले. मराठी तरुणांनी तेथे गडकिल्ले, कविता, नाटक, जातिप्रश्न यांवर वाद घातले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. जाहीर चर्चा काही काळ वाचण्यापुरत्या उघड्या होत्या, पुढे त्याही गेल्या. यातले पुष्कळसे लेखन सामान्य होते, हे मान्य. पण उद्याचा इतिहासकार सामान्यांचे बोलणेच शोधीत असतो. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेल्या ‘दीनबंधू’चे आरंभीचे बरेच अंक आज मिळत नाहीत. संशोधकाला आधार घ्यावा लागतो तो परकीय सरकारने देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवण्यासाठी करवून घेतलेल्या गोषवाऱ्यांचा. निदान त्या सरकारने आपल्या कामापुरते तरी जपले.

आपल्या संसदेने १९५४ सालीच प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय व अन्य सार्वजनिक ग्रंथालयांस स्वखर्चाने द्यावी, असा कायदा केला. १९५६ साली त्यात वृत्तपत्रे आली. फ्रान्सने २००६ साली व ब्रिटनने २०१३ साली हेच तत्त्व संकेतस्थळांना लावले. येथेही ते लावावे. सार्वजनिक लेखनाचे स्थळ बंद करणाऱ्या कंपनीने किमान दोन वर्षांची नोटीस द्यावी व संपूर्ण साठा सार्वजनिक ग्रंथालयाच्या हवाली करावा. स्वतःचे लेखन मागे घेण्याचा हक्क लेखकाला जरूर असावा. खाजगीपणाच्या नावाने तो कंपनीने बळकावू नये. जिओसिटीजचा काही भाग वाचला तो ‘आर्काइव्ह टीम’ व ‘इंटरनेट आर्काइव्ह’ यांच्या धडपडीने. ती धडपड स्तुत्य आहे, पण दुष्काळात अन्नछत्रे निघाली म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. दरम्यान पक्षाच्या शाखाही आपली निवेदने, ठरावांवरील वाद, मोर्च्यांचे वृत्तान्त परक्या कंपनीच्या दालनात टाकून निश्चिंत होत आहेत. त्यांतील किती कागदांची छापील प्रत जिल्हा कार्यालयाच्या कपाटात आहे, याचा हिशेब पुढील बैठकीत मागावा.