मालिकेचा निवाडा एका आकड्यात?

दूरचित्रवाणी मालिकेची गुणवत्ता एका आकड्यात सांगता येते, हे गृहीतक आज इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. त्याच्या पाठीशी तीन मते उभी आहेत. बहुसंख्य लोक जी मालिका पाहतात ती चांगली, असे पहिले मत म्हणते. हजारो प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढली की व्यक्तिगत पूर्वग्रह आपोआप गळून पडतात, असे दुसरे. आणि आवडनिवड ज्याची त्याची असल्यामुळे न्याय्य मूल्यमापन मुळातच संभवत नाही, तेव्हा आकडा केवळ सोय म्हणून वापरावा, असे तिसरे. ही तिन्ही मते क्रमाने तपासली असता त्यांपैकी एकही टिकत नाही.

पहिल्या मताचा आधार टीआरपी हा आहे. टीआरपी म्हणजे निवडक घरांतील संचांना जोडलेल्या यंत्रांवरून बांधलेला प्रेक्षकवर्गाचा अंदाज. भारतात २०१५ पासून हे काम ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजेच ‘बार्क’, ही संस्था करते. कार्यक्रमाच्या ध्वनीत मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण यंत्र टिपते आणि संचासमोर घरातील कोण बसले आहे, हे त्या त्या व्यक्तीने बटण दाबून नोंदवायचे असते. जाहिरातीचा दर ठरवण्यास ही नोंद पुरेशी आहे, परंतु जेवणाच्या वेळी नुसता चालू राहिलेला संच आणि मन लावून पाहिलेला भाग यांतील भेद तिच्यात उमटत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा अखेरचा भाग १९ मे २०१९ रोजी प्रसारित झाला, तेव्हा त्या रात्री अमेरिकेत त्याला सुमारे १ कोटी ९३ लाख प्रेक्षक लाभून एचबीओ वाहिनीचा तोवरचा विक्रम मोडला, त्याच भागाला आयएमडीबीवर प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी मात्र दहापैकी चारच्या आसपास आहे. उलटपक्षी ‘द वायर’ ही मालिका २००२ ते २००८ या काळात मोजक्याच प्रेक्षकांनी पाहिली आणि तिला एकही एमी पुरस्कार मिळाला नाही, तरी बीबीसी कल्चरने २०२१ मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात एकविसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ मालिका म्हणून तिचीच निवड झाली. पाहणे आणि पसंत करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरे मत अधिक सावध असले तरी त्यातही दोष आहे. सरासरीने चुका परस्परांना छेदतात हे तेव्हाच खरे, जेव्हा सर्व मोजणारे एकच वस्तू मोजत असतात. मालिकेच्या बाबतीत कोणी पहिल्या पर्वानंतर गुण देतो, कोणी शेवट पाहून देतो, तर ज्याचे मन मध्येच उडाले तो पुढील भागांच्या मतदानात बहुधा उतरतच नाही. परिणामी उत्तरार्धाचे गुण प्रामुख्याने टिकून राहिलेल्या चाहत्यांच्या हाती जातात. शेवटाविषयी एवढी नाराजी असूनही ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या संपूर्ण मालिकेचे गुण नऊच्या वरच राहिले, कारण त्या आकड्यात आठ वर्षांतील वेगवेगळ्या क्षणी दिलेली मते एकत्र कोंबलेली आहेत.

या दोषाचे मूळ मालिकेच्या घडणीतच आहे. नाट्यशास्त्राने कथानकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी, म्हणजे परस्परांशी जोडलेले टप्पे, सांगितले. त्यांत निर्वहण म्हणजे विखुरलेले धागे एकत्र आणणारा शेवट नाटककाराच्या नजरेसमोर असतो, हे गृहीत आहे. दैनंदिन मालिकेचे लेखन प्रसारण चालू असतानाच होत राहते. टीआरपी घसरला की ‘ट्रॅक’ बदलतो, कथा ‘लीप’ घेऊन काही वर्षे पुढे जाते, आणि शेवट कथेच्या गरजेपेक्षा वाहिनीच्या निर्णयाने ठरतो. २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. ‘स्कॅम १९९२’ ही २०२० मधील मालिका दहाच भागांची, आणि ते सारे एकदमच प्रेक्षकांच्या हाती आले. या दोहोंना एकाच पट्टीने मोजणे म्हणजे कीर्तनमाला आणि एकांकिका यांना एकाच स्पर्धेत उतरवणे होय.

तिसरे मत उदार दिसते, पण ते विचाराची वाटच बंद करते. आवड भिन्न असली तरी आवडीची कारणे तपासता येतात. एखाद्या पात्राचे वागणे त्याच्या आधी प्रस्थापित झालेल्या स्वभावाशी विसंगत आहे, हा आक्षेप भाग समोर ठेवून सिद्ध करता येतो किंवा खोडून काढता येतो; त्या दोषाला किती महत्त्व द्यायचे, एवढ्यापुरताच मतभेद उरतो.

तेव्हा न्याय्य मूल्यमापन शक्य आहे, मात्र त्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात. पहिली अट व्याप्तीची: गुण कोणत्या पर्वाला किंवा टप्प्याला दिले, हे नमूद करावे, आणि पहिल्या आठवड्याच्या भागांवरून संपूर्ण मालिकेचा निकाल लावू नये. दुसरी अट प्रकाराची: स्वयंपाक करता करता पाहणाऱ्या व्यक्तीसाठी रचलेल्या मालिकेत घडलेल्या गोष्टींची पुनरुक्ती हा गुण ठरू शकतो, दहा भागांच्या मालिकेत तोच दोष ठरतो, परंतु एकच रहस्य महिनोन्‌महिने केवळ कोणीतरी मध्येच आल्यामुळे सांगायचे राहून जात असेल, तर तिथे प्रकाराची ढाल चालत नाही, कारण तो लेखनाचा आळस आहे. तिसरी अट शेवटाची: शेवटाचा निवाडा वेगळा नोंदवावा, म्हणजे फसलेला शेवट आधीची चांगली पर्वे बुडवणार नाही आणि चांगली पर्वे फसलेल्या शेवटाला झाकणार नाहीत.

अशा अटींमुळे मालिकांची तुलनाच अशक्य होईल, असा आक्षेप यावर संभवतो. वस्तुतः तुलना अधिक नेमकी होते: संवाद संवादांशी, पात्ररचना पात्ररचनेशी आणि पहिले पर्व पहिल्या पर्वाशी ताडून पाहता येते, अशक्य होते ती केवळ सर्व मालिकांना एकाखाली एक बसवणारी क्रमवारी, आणि तिचा त्याग करण्यात समीक्षेचे काहीही नुकसान नाही. आकडा हवाच असेल तर तो राहू द्यावा, पण युक्तिवादाच्या शेवटी यावा आणि त्या युक्तिवादाच्या बळावरच ग्राह्य धरला जावा.