शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण कुणाचा?

महाड तालुक्यातील बिरवाडी हे गाव भारतीय वैद्यकाच्या इतिहासात एका विशेष कारणाने नोंदले गेले आहे. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. विंचवाचे विष हृदयावर आघात करते, फुप्फुसांत पाणी साचते आणि रुग्णाचा श्वास कोंडतो, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीचा उपयोग होऊ लागला आणि जेथे गंभीर दंश झालेल्या शंभरांतील चाळीसांच्या आसपास रुग्ण मृत्युमुखी पडत, तेथे हे प्रमाण एक टक्क्याच्या घरात आले. २०२२ साली शासनाने या कार्याचा पद्मश्री देऊन गौरव केला.

गौरव झाला हे योग्यच. पण या कार्यातून निघणारा धडा मात्र आरोग्यव्यवस्थेने गिरवला नाही. हृदयाचा विषय हा केवळ महानगरांतील काचेच्या इमारतींचा विषय नाही. योग्य ज्ञान, स्वस्त औषध आणि रुग्णावर सतत लक्ष ठेवणारा माणूस या तीन गोष्टी एकत्र आल्या तर तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरही हाताळता येतो, असा तो धडा होता. हृदयाची झडप बदलून गावी परतणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत नेमक्या याच तीन गोष्टींची गाठ पडत नाही.

झडपांचा विकार हा आपल्याकडे प्रामुख्याने गरिबीचा विकार आहे. दाटीवाटीच्या घरात राहणाऱ्या मुलाला घशाचा जंतुसंसर्ग होतो, त्याकडे दुर्लक्ष होते, काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि ताप येतो. हा ऱ्हुमॅटिक ताप सांध्यांवरून निघून जातो, पण हृदयाला धरून बसतो. वारंवार असा ताप आला की झडपा जाड होतात, अरुंद होतात किंवा गळू लागतात. लक्षणे दिसतात ती ऐन उमेदीच्या वयात. स्त्रियांच्या बाबतीत अनेकदा पहिल्या बाळंतपणाच्या सुमारास. श्रीमंत देशांतून हा रोग जवळजवळ हद्दपार झाला, तो केवळ औषधांनी नव्हे. घरे सुधारली, दाटी कमी झाली, पोषण वाढले आणि घशाच्या दुखण्यावर वेळीच उपचार मिळू लागले म्हणून. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या रोगाविषयी स्वतंत्र ठराव केला, यावरूनच उरलेल्या जगात तो किती मुरलेला आहे हे कळावे.

शस्त्रक्रियेच्या बाजूने पाहिले तर देशाची प्रगती अभिमानास्पद आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीतच हृदयरोपणाचे धाडस केले होते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली संपूर्ण देशी बनावटीची झडप तयार झाली आणि १९९० च्या डिसेंबरात ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. आयात झडपेच्या तुलनेत बरीच स्वस्त असलेल्या या झडपेने लाखाहून अधिक रुग्णांना आधार दिला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी शेतमजुराला जमीन किंवा दागिने विकावे लागू नयेत, ही त्यामागील भूमिका स्वागतार्ह आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न सुरू होतो तो रुग्ण घरी निघाल्यावर. कृत्रिम झडप बसवली म्हणजे रोग संपला, अशी समजूत रुग्णाची असते, नातेवाइकांची असते आणि दुर्दैवाने हिशेब ठेवणाऱ्या कचेऱ्यांचीही असते. वस्तुस्थिती निराळी आहे. धातू आणि कृत्रिम पदार्थांच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. तशी ती धरली तर झडप अडकते, किंवा गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी म्हणजे दुधारी शस्त्र आहे. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मात्रा बरोबर आहे की नाही हे आय. एन. आर. नावाच्या रक्तचाचणीने कळते. निरोगी माणसात तो आकडा एकच्या आसपास असतो. मायट्रल झडप बदललेल्या रुग्णात तो साधारणपणे अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राखावा लागतो. सुरुवातीला दर काही दिवसांनी आणि मात्रा स्थिरावल्यावर साधारण महिन्याला ही चाचणी हवी. चाचणीची कटकट नसलेली नवी औषधे निघाली आहेत, पण धातूच्या झडपेसाठी ती उपयोगी नाहीत. अशा एका औषधाची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा जुनी गोळी आणि नियमित तपासणी यांना आज तरी पर्याय नाही.

आता अशी कल्पना करावी की बिरवाडीच्या परिसरातील एक तिशीची शेतमजूर स्त्री मुंबईत झडप बदलून गावी परतली आहे. तिच्या पिशवीत रुग्णालयाने दिलेला कागद आहे; तो इंग्रजीत आहे. शल्यविशारद सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर आहेत. महाडला एखाद्या फिजिशियनकडे ती दम लागला म्हणून जाते. अंग मोडून आले म्हणून गावातल्या दवाखान्यात जाते. तेथे वेदनाशामक औषध मिळते, सुई टोचली जाते. वेदनाशामकाने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि रक्त पातळ असताना दंडात किंवा कमरेत घेतलेली सुईही स्नायूत रक्त साकळवू शकते, हे त्या डॉक्टरांना ठाऊक नसते असे नव्हे. समोरची स्त्री ही गोळी घेते, हेच त्यांना कुणी सांगितलेले नसते. जुलाबासाठी दिलेले मेट्रोनिडॅझोल गोळीचा परिणाम वाढवते, क्षयावरचे रिफॅम्पिसिन तो कमी करते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या रानभाज्या ताटात आल्या की त्यांतील ‘के’ जीवनसत्त्वाने आकडा खाली येऊ शकतो. यावर ‘पालेभाजी सोडा’ हा सल्ला सोपा असला तरी चुकीचा आहे. गरिबाच्या ताटातला तोच तर सकस पदार्थ. भाजीचे प्रमाण शक्यतो सारखे ठेवावे आणि बदल झाल्यास चाचणी करून गोळीची मात्रा बदलावी, हा खरा उपाय आहे. दात काढायचा झाला तर आधी प्रतिजैविक घ्यावे लागते, नाहीतर तोंडातले जंतू झडपेवर घर करू शकतात. दिवस राहिले तर प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण पहिल्या महिन्यांत हीच गोळी गर्भाला व्यंग आणू शकते आणि ती परस्पर बंद केली तर आईचा जीव धोक्यात येतो.

या एका बाईचे उपचार अशा रीतीने चार-पाच डॉक्टरांत वाटले गेलेले असतात. प्रत्येकाजवळ माहितीचा एक तुकडा आहे, संपूर्ण चित्र कुणाजवळच नाही. शल्यविशारदाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी झाली आहे. तालुक्याच्या डॉक्टरला वाटते, मात्रा मुंबईवाल्यांनी ठरवली, आपण कशाला हात लावा? प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी म्हणतो, हा आपल्या पातळीवरचा रुग्णच नव्हे. शेवटी या सर्व विद्वानांमधील निरोप्याचे काम करते ती अक्षरओळख बेताची असलेली रुग्ण स्त्रीच. समन्वयाचे जे काम व्यवस्थेने करायचे ते व्यवस्थेतील सर्वांत दुबळ्या घटकावर ढकलले गेले आहे, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर हा भांडवली खर्च आणि देखभालीचा खर्च यांच्यातील जुना घोटाळा आहे. धरण बांधायचे, त्याचे उद्घाटन करायचे आणि कालव्याच्या डागडुजीला तरतूद ठेवायची नाही, ही रीत महाराष्ट्राला परिचित आहे. झडपेच्या बाबतीत तेच घडते. योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्ण घरी गेल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधे धरलेली आहेत. त्यापुढील पाठपुराव्यासाठी १२१ उपचारांची निराळी यादी योजनेने केली, हे तिच्या कर्त्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण होय. परंतु योजनेची सेवा मिळते ती अंगीकृत रुग्णालयात. गोळी जन्मभराची, चाचणी दरमहाची आणि रुग्णालय दूर शहरात, असे हे त्रैराशिक आहे. महिन्याच्या एका चाचणीसाठी रुग्ण आणि सोबतचे माणूस असे दोघे निघाले तर दोघांची मजुरी बुडते, प्रवासखर्च वेगळा. चाचणीपेक्षा चाचणीला जाणे महाग पडते. मग एक महिना चुकतो, दुसरा चुकतो, आणि लाखभराहून अधिक रुपयांच्या सार्वजनिक पैशातून वाचवलेला जीव काही रुपयांच्या गोळीअभावी पुन्हा धोक्यात येतो. शासनाच्या वहीत जो खर्च दिसत नाही तो नाहीसा झालेला नसतो. तो मजुराच्या घरात गेलेला असतो.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत असे रुग्ण असणार तरी किती? त्यांच्यासाठी निराळी यंत्रणा परवडेल का? संख्या थोडी आहे, हे खरे. पण म्हणूनच काम सोपे आहे. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबावर हा आकडा काही मिनिटांत सांगणारी छोटी यंत्रे उपलब्ध आहेत. प्रत्येक केंद्रात नको, महाड आणि पोलादपूर येथील ग्रामीण रुग्णालयांत तरी ती ठेवता येतील. वॉरफॅरिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते तालुक्याच्या सरकारी औषधभांडारात खंड न पडता मिळणे ही चैन नव्हे.

दुसरा आक्षेप क्षमतेचा. खेड्यातील डॉक्टरला हे जमणार नाही, असे शहरातील तज्ज्ञांना वाटते. त्याचे उत्तर बिरवाडीनेच १९७६ नंतर देऊन ठेवले आहे. शिवाय क्षयरोगाचा कार्यक्रम पाहावा. तेथे प्रत्येक रुग्णाची नोंद होते, औषध कोण देणार हे ठरलेले असते, रुग्ण आला नाही तर कर्मचारी त्याच्या घरी जाण्याची पद्धत आहे. त्या कार्यक्रमात उणिवा आहेत, पण रुग्ण कुणाचा, या प्रश्नाला तेथे उत्तर आहे. झडपेच्या रुग्णाबाबत ते नाही.

तिसरे उत्तर अलीकडे फार ऐकू येते: सर्व काही आता संगणकावर येणार आहे. सप्टेंबर २०२१ पासून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान सुरू आहे, दूरध्वनी-चित्रफितीवरून सल्ल्याची सोय आहे. या साधनांचा उपयोग अवश्य करावा. २०२१ च्या जुलैत महाडच्या घराघरांत पुराचे पाणी शिरले, तेव्हा कागदावरच विसंबण्यातला धोका उघड झालाच होता. पण आरोग्य क्रमांक मिळाला म्हणजे डॉक्टर मिळाला असे होत नाही. माहिती साठवणे निराळे आणि त्या माहितीची जबाबदारी घेणे निराळे. चाचणीचा आकडा पाच आला, तर त्या संध्याकाळी रुग्णाला ‘आजची गोळी घेऊ नका, उद्या या’ असे सांगणार कोण, याचे उत्तर यंत्र देत नाही.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी असली पाहिजे. झडपेची शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने रुग्णाला सोडण्यापूर्वी त्याच्या तालुक्यातील एका डॉक्टरचे नाव निश्चित करावे, त्याच्याशी प्रत्यक्ष बोलावे आणि तसे कागदावर लिहावे. रुग्णाच्या हाती मराठीतील एक लहान पुस्तिका असावी: कोणती झडप, कोणती गोळी, आकडा किती राखायचा, काय टाळायचे, आणि संकटात कुणाला फोन करायचा. प्रत्येक डॉक्टरने त्याच पुस्तिकेत नोंद करावी. मात्रा बदलण्याचा अधिकार कुणाचा, हे संदिग्ध ठेवू नये. आशा कार्यकर्तीला या रुग्णांची यादी द्यावी आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. समन्वय हे श्रमाचे काम आहे आणि फुकटच्या श्रमावर व्यवस्था उभी राहत नाही. योजनेने पाठपुराव्याचे पैसे शहरातील रुग्णालयाबरोबर तालुक्याच्या रुग्णालयालाही द्यावेत. आणि शाळांतून घसा व सांधे दुखणाऱ्या मुलांची तपासणी व्हावी. ज्यांना ऱ्हुमॅटिक ताप होऊन गेला आहे त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकू नये, म्हणजे उद्याच्या झडपा वाचतील.

डॉक्टरांनीही स्वतःकडे पाहायला हवे. वैद्यकात तज्ज्ञतेची एक उतरंड तयार झाली आहे आणि तिच्यातला वरचा खालच्याला पत्र लिहीत नाही, खालचा वरच्याला विचारायला संकोचतो. महानगरातील शल्यविशारदाने खेड्यातील सहकाऱ्याचा फोन घेणे हे उपकार नव्हेत, तो उपचाराचाच भाग आहे.

शासनाने किती शस्त्रक्रिया केल्या याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात. त्याशेजारी आणखी एक रकाना छापावा: झडप बदललेल्यांपैकी पाच वर्षांनंतर किती जण जिवंत आहेत, आणि किती जणांची चाचणी गेल्या महिन्यात झाली. हा रकाना भरण्याची सक्ती झाली, तर तो भरण्यासाठी रुग्णाला शोधत कुणाला तरी बिरवाडीपर्यंत यावेच लागेल.